लेन्स आणि डोंगर यांच्या मधली हवा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत ‘कोणती लेन्स घेऊ?’ हा नेहमीचा प्रश्न आहेच. मात्र सोबत जोडलेले फोटो पाहिले, की बहुतेकांची लेन्स पुरेशी चांगली असल्याचं दिसतं. बिघाड आहे तो लेन्सच्या पुढच्या हवेत. कुठे ती दमट आहे, कुठे धुराने भरलेली, कुठे तापून थरथरणारी, तर कुठे उणे वीस अंशांची. म्हणून या अंकात हवेशी नातं असलेले प्रश्न आधी घेतले आहेत. लेन्सच्या खरेदीचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न : पावसाळ्यात मुंबईहून माळशेजला गाडीने गेलो. उतरल्याबरोबर कॅमेरा काढला, तर सगळे फोटो दुधाळ आले. काच पुसली तरी दोन मिनिटांत पुन्हा तेच. लेन्स खराब झाली का? शिवाय घरी ठेवलेल्या दुसऱ्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. (डोंबिवली)

पहिल्या लेन्सला काहीही झालेलं नाही. गाडीत एसी चालू होता, त्यामुळे कॅमेरा बावीस-तेवीस अंशांवर थंड झाला. घाटातली हवा त्याहून थोडीशीच उबदार असली, तरी बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. असल्या हवेला थंड काच मिळाली की तिच्यावर लगेच पाणी धरतं. पुसून उपयोग नाही, कारण काच अजून थंडच असते. उपाय एकच : शेवटच्या अर्ध्या तासात एसी बंद करून खिडक्या उघडा आणि कॅमेरा बंद बॅगेतच राहू द्या. एसी चालू ठेवावाच लागला, तर बॅग डिकीत ठेवा. उतरल्यावरही वीस-तीस मिनिटं चेन उघडू नका. कॅमेऱ्याचं तापमान बाहेरच्या हवेइतकं झालं की बाष्प धरत नाही.

त्या अर्ध्या तासात लोक हमखास एक चूक करतात. काच धूसर झाली म्हणून झूम आत-बाहेर करून बघतात. झूम करताना जिची नळी पुढे येते, ती लेन्स भात्यासारखी दमट हवा आत ओढते. बाहेरचं पाणी पुसता येतं, आतल्या काचांवर धरलेलं येत नाही. धूसर लेन्सचं झूम फिरवू नका आणि ती बॉडीवरून काढूही नका.

पुसायचा क्रम : आधी ब्लोअर, मग कापड. पावसाच्या थेंबात मातीचे बारीक कण असतात. थेंब तसाच घासला तर चरे पडतात. मायक्रोफायबरची दोन कापडं न्या, एक पाणी टिपायला आणि दुसरं शेवटच्या सफाईला. दुसरं कापड झिपच्या पिशवीतच राहिलं पाहिजे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती धोतराचा तुकडा पाणी टिपायला मायक्रोफायबरपेक्षाही चांगला, फक्त तो सॉफ्टनर न घालता धुतलेला हवा. लेन्सवर हूड कायम ठेवा. पावसात हूड हीच तुमची छत्री. खरी छत्री माळशेजच्या वाऱ्यात कितपत टिकते, ते तुम्हाला माहीत आहेच.

आता दुसरी लेन्स. जाळ्यासारखं दिसतंय ती बुरशी आहे. खात्री करायची तर ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कडेकडून आत येणारे बारीक तंतू दिसले तर लेन्स लवकर दुरुस्तीला द्या. बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचा मुलामा खातं. तो एकदा गेला की बुरशी साफ करूनही डाग राहतो.

पुढे असं होऊ नये म्हणून महागडं ड्राय कॅबिनेटच हवं असं नाही. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी वाढते. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर घरातही ती त्याहून जास्तच असते. रबरी कडेचा दहा लिटरचा हवाबंद डबा घ्या. त्यात पाव किलो सिलिका जेल कापडी पिशवीत बांधून ठेवा, शेजारी एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये असू द्या. पंचावन्नच्या वर गेला की जेल बदला. नारिंगी जेल ओलं झालं की हिरवं पडतं. ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दीड-दोन तास तापवलं की पुन्हा नारिंगी होतं. काटा तिसाच्या खालीही नेऊ नका, रबर आणि वंगणाला ते मानवत नाही. आणि कॅमेरा तांदळात पुरू नका. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाहीत, उलट त्यांची पूड झूमच्या फटीत जाते. चामड्याची कव्हरं पावसाळ्यात डब्याबाहेर ठेवा. बुरशीला चामडं फार आवडतं.

प्रश्न : हरिश्चंद्रगडावर जानेवारीत मुक्काम केला. सकाळी कोकणकड्याचे फोटो काढले. कडा काळा ठिक्कर, आकाश पांढरं आणि खालचं कोकण राखाडी. फोटो सुधारायच्या ॲपमधलं, धुरकं घालवणारं डिहेझ वापरलं तर फोटो भयंकर दिसतो. काय चुकलं? (पुणे)

वेळ चुकली. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे, गडाच्या पलीकडे असतो आणि कड्याचा आतला अर्धगोल पूर्ण सावलीत असतो. त्याच वेळी आकाश मात्र उजळलेलं असतं. दोन्हींमधला फरक कुठल्याही सेन्सरला एका फ्रेममध्ये जड जातो. कड्याचा दगड दाखवायचा असेल तर दुपारी चारनंतर जा. जानेवारीत सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास होतो. शेवटच्या तासाभरात ऊन समोरून, जवळजवळ आडवं, कड्याच्या पोटात शिरतं. बेसॉल्टचे थर तेव्हा एकेक मोजता येतात. देवळापासून कडा अर्ध्या तासावर आहे. तेव्हा साडेतीनला निघा आणि अंधारात परतायला हेडटॉर्च घ्या.

सकाळी कड्याचं चित्र हवंच असेल तर ट्रायपॉडवर तीन एक्स्पोजर घ्या : मधलं, दोन स्टॉप कमी आणि दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). नंतर ती जोडा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा अर्धा गडद, खालचा पारदर्शक) वापरत असाल तर मऊ कडेचा घ्या, कारण डोंगराची रेघ सरळ नसते. कडक कडेचा फिल्टर शिखरालाही अर्धं काळं करतो.

राखाडी कोकणाचं कारण वेगळं आहे. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. चुलींचा धूर, रस्त्यांची धूळ, दमटपणा, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. फेब्रुवारीपासून त्यात वणव्यांचा धूर मिसळतो. हा राखाडी थर पोलरायझर फिल्टरने जात नाही. पोलरायझर उपयोगी पडतो तो सूर्याशी काटकोनात असलेल्या निळ्या आकाशाला आणि ओल्या पानांवरच्या चकाकीला. यूव्ही फिल्टरचा डिजिटल कॅमेऱ्यावर धुरक्यासाठी काही उपयोग नाही. काच सांभाळायला लावायचा तर लावा.

लांबचं स्वच्छ दिसावं असं वाटत असेल तर दिवस निवडा. सह्याद्रीत सगळ्यात धुतलेली हवा मिळते ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाने दिलेल्या उघडिपीत आणि ऑक्टोबरात परतीची सर पडून गेल्यावरच्या पहाटे. जानेवारीतच जायचं असेल तर धुरक्याशी भांडू नका, त्याला कामाला लावा. वाइड लेन्स बाजूला ठेवून १०० ते २०० मिलिमीटरची टेलिफोटो लावा आणि सूर्याच्या बाजूला वळा. एकामागे एक डोंगररांगा प्रत्येक थराला फिकट होत जातात. धुरकं नसतं तर त्या एकमेकींत मिसळून गेल्या असत्या. तोरण्यावरून डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य जवळपास राजगडाच्या बाजूनेच वर येतो. तिथे बालेकिल्ल्याची आकृती आणि मागचे थर असं चित्र धुरकं असलेल्या सकाळीच चांगलं जमतं. एक्स्पोजर आकाशासाठी धरा, डोंगर काळे राहू द्या. डिहेझ वापरायचंच तर १० ते १५ पर्यंत. पन्नासवर नेलं की सेन्सरवरची धूळ, नॉइज आणि निळसर छटा हे तिन्ही पाहुणे एकदम येतात.

प्रश्न : इंद्रवज्र कधी दिसतं? ठरवून जाता येईल का? (संगमनेर)

ठरवून जाता येतं, दिसेलच असं नाही. तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. सूर्य तुमच्या पाठीमागे हवा, त्याचं ऊन तुमच्यापर्यंत थेट पोचायला हवं आणि समोर दरीत तुमच्या पातळीखाली धुक्याचा दाट थर हवा. मग त्या धुक्यावर तुमची सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटतं. कोकणकड्यावर हे सकाळी घडतं, कारण सूर्य पूर्वेला आणि दरी पश्चिमेला. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकात याच भागातल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली होती. पावसाळ्याची सुरुवात किंवा शेवट, रात्री सर पडून पहाटे उघडलेली आणि वारा बेताचा, असा दिवस गाठा. धुकं कड्याच्या वर आलं तर तुम्हीच धुक्यात, मग सूर्यही नाही आणि वर्तुळही नाही. त्यामुळे कधी ते दोन मिनिटंच टिकतं.

वर्तुळ लहान असतं. ३५ ते ७० मिलिमीटर पुरते. एफ ८, आयएसओ २००, शटर १/२५० किंवा जास्त. एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी ठेवलं तर रंग फिके पडत नाहीत. पोलरायझर काढून ठेवा, तो रंग खाऊन टाकू शकतो. धुक्यावर ऑटोफोकस घुटमळतो. आधी दूरच्या कड्याच्या धारेवर फोकस घ्या आणि मॅन्युअलला टाका. प्रत्येकाला वर्तुळ स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं, मित्राच्या डोक्याभोवतीचं टिपायचा हट्ट नको. आणि काठावर उभं राहून नाही, पोटावर झोपून. ओल्या कड्यावर शेवाळ असतं, शिवाय दरीतून वर चढणारा वारा कधी पडेल याचा नेम नसतो.

प्रश्न : भीमाशंकरला शेकरू दिसलं, पण फोटोत नुसता काळा ठिपका आणि मागे पांढरं आकाश. दुसऱ्यात ते हललेलं. माझ्याकडे ७०-३०० लेन्स आहे. (मंचर)

७०-३००ने शेकरूचा चांगला फोटो निघतो. आधी उभं राहायची जागा बदला.

शेकरू झाडाच्या शेंड्याकडे राहतं. आपण खालून वर बघतो, त्यामुळे पाठीमागे आकाश येतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या पांढऱ्या आकाशाला सरासरी राखाडी करायला जातो आणि प्राणी काळा होतो. तातडीचा उपाय म्हणजे एक्स्पोजर भरपाई (फोटो मुद्दाम उजळ करायची सोय) +१ ते +१.७. आकाश पूर्ण पांढरं होईल, होऊ द्या. पण भीमाशंकरचं रान उतारावर आहे आणि हाच इथला फायदा आहे. पायवाटेच्या वरच्या अंगाला उभे राहा. खालच्या अंगाच्या झाडांचे शेंडे तुमच्या डोळ्यांच्या पातळीला येतात आणि मागे आकाशाऐवजी पलीकडच्या उताराची हिरवी सावली मिळते. तिथे मीटरही फसत नाही. उलट पार्श्वभूमी फार काळी असेल तर भरपाई –०.३ करावी लागते. लेन्सवर हजारो रुपये खर्च करण्याआधी वीस पावलं वर चढा.

वेळ सकाळी सहा ते साडेनऊ आणि दुपारी चारनंतर. मधल्या उन्हात शेकरू फांदीवर पसरून झोपतं. शोधताना डोळ्यांपेक्षा कान वापरा. त्याचा खडखडाटी आवाज दूरवर जातो आणि खाली अर्धवट कुरतडलेली फळं पडलेली असतात. पिकलेलं उंबर सापडलं तर तिथेच थांबा. रानभर हिंडणाऱ्याला शेकरूची शेपटी दिसते, उंबराखाली बसणाऱ्याला तोंड दिसतं. फांद्यांत गोल, काटक्या-पानांचं घरटं दिसलं तर मात्र त्याच्याखाली तळ ठोकू नका.

सेटिंग : ॲपर्चर पूर्ण उघडं, ३०० मिलिमीटरला बहुधा एफ ५.६. खात बसलेलं असेल तर १/३२० ते १/५०० सेकंद. ते फांदीवर उलटं लटकून दोन्ही हातांनी फळ फिरवत खातं, त्यामुळे शरीर स्थिर असलं तरी हात आणि तोंड हलत असतात. १/१२५वर स्टॅबिलायझरने झाड स्पष्ट येईल, तोंड नाही. तुमचा दुसरा फोटो बहुधा असाच बिघडला. उडीसाठी १/१६०० हवं. शेकरू सहा मीटरपर्यंत झेप घेतं. झेपेआधी ते फांदीच्या टोकाला येऊन अंग आखडतं. तेव्हाच बर्स्ट (सलग फोटो) सुरू करा, आणि फ्रेममध्ये झेपेच्या बाजूला जागा सोडा. दाट रानात या वेगाला आयएसओ ३२०० ते ६४०० लागेल. घाबरू नका. नॉइज नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सावरता येत नाही.

फ्लॅश नको, मोबाइलवर आवाज वाजवणं नको, वेफर्स तर मुळीच नकोत. हे अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं ते मुख्यतः या प्राण्यासाठी. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी आहे. देवळाजवळच्या काही शेकरांना माणसांची इतकी सवय झाली आहे, की ती जवळ येतात. त्यांचे फोटो सोपे असतात, पण बहुतेकांत मागे दुकानाची निळी ताडपत्री असते.

प्रश्न : काजव्यांचे फोटो मोबाइलवर येत नाहीत. कॅमेऱ्याने काढताना काय करायचं? भंडारदऱ्याला जायचा बेत आहे. (नाशिक)

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस लागायच्या आधी आणि चंद्र नसलेल्या रात्री. सादडा, हिरडा, बेहडा, उंबर, जांभूळ अशा झाडांवर गर्दी असते.

इंटरनेटवर दिसतात ते हजारो ठिपक्यांचे फोटो एका एक्स्पोजरचे नसतात. उजेडातच जागेवर पोचा, ट्रायपॉड घट्ट लावा. संधिप्रकाशात झाडाचा आणि जमिनीचा एक फोटो घ्या. त्याच वेळी झाडाच्या खोडावर फोकस करून मॅन्युअलला टाका आणि फोकस रिंगला कागदी टेप लावा. मग ट्रायपॉडला हात नाही. अंधार पडल्यावर एफ २ किंवा २.८, आयएसओ ८०० ते १६००, २० ते ३० सेकंद असे तीस-चाळीस फोटो सलग घ्या. व्हाइट बॅलन्स ३५००-४००० केल्व्हिन. घरी सगळे फोटो ‘लाइटन’ मोडमध्ये (यात प्रत्येक जागचा सगळ्यात उजळ ठिपकाच राहतो) संध्याकाळच्या फोटोवर रचा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते चालू असेल तर प्रत्येक ३० सेकंदांनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडून बसतो आणि अर्धे काजवे निसटतात. ऑटोफोकसचा लाल दिवा बंद, स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी.

रात्री लेन्सवर दव धरतं. दर पाच फोटोंनी टॉर्च लावून तपासत बसू नका. लेन्सच्या गळ्याला हात गरम करायची एक पुडी मोज्यात घालून बांधा. काच हवेपेक्षा दोन-तीन अंश उबदार राहिली की दव बसत नाही.

गाडीचे दिवे, टॉर्च आणि फ्लॅश यांच्या उजेडात काजव्यांचा आपापसातला संकेत बिघडतो. टॉर्चला लाल जिलेटीन लावा आणि जमिनीकडेच धरा. पायवाट सोडून गवतात शिरू नका, अंडी आणि अळ्या ओल्या मातीत आणि पाचोळ्यातच असतात. प्रवेशाची वेळ आणि गाड्यांबद्दल वन विभागाचे नियम असतात, निघण्याआधी गावात विचारा. त्या रस्त्यावर शनिवारी रात्री वाहनांची जी रांग लागते, तिच्या उजेडात लाइटन मोडही काही करू शकत नाही. मंगळवार-बुधवारी जा.

प्रश्न : आंबोलीत रात्री बेडकांचे फोटो काढताना सगळ्या फ्रेमवर पांढरे ठिपके येतात. (कोल्हापूर)

तो धुक्याचा आणि पावसाचा प्रत्येक थेंब तुमच्या फ्लॅशने उजळलाय. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सच्या रेषेतच असतो, त्यामुळे लेन्सपुढचे थेंब सरळ उजेड परत फेकतात. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, तारेने किंवा ट्रिगरने जोडा आणि बेडकाच्या बाजूला, थोडा वर धरा. पुढे पांढऱ्या पातळ फोमचा किंवा ट्रेसिंग पेपरचा वळवलेला तुकडा लावा. १०० मिलिमीटर मॅक्रोवर एफ ११, १/१६० सेकंद, आयएसओ ४००, फ्लॅश १/१६ पासून सुरू करा. हेडटॉर्च फक्त फोकससाठी, तोही तिरका. बेडकाची ओली कातडी चमकते, म्हणून डिफ्युझर जितका मोठा आणि जवळ, तितका चट्टा मऊ.

बेडूक उचलून छान पानावर ठेवू नका. त्याची कातडी श्वासही घेते आणि औषधंही शोषते. हाताला डासांचं मलम लावलेलं असेल तर नुसता स्पर्शही त्याला घातक. मलबारी उडता बेडूक पाण्यावर लोंबत्या पानांना फेसाचं घरटं करतो. ती फांदी फोटोसाठी वाकवली तर पिल्लं पाण्याऐवजी चिखलात पडतात. आणि वाकण्याआधी आजूबाजूच्या फांद्या बघा. मलबार पिट व्हायपर, आपला मलबारी चापडा, हा विषारी साप तासन्‌तास एकाच जागी बसून असतो आणि त्याचे रंग शेवाळाशी बेमालूम जुळतात.

प्रश्न : ताडोब्यात मे महिन्यात वाघ ऐंशी मीटरवर, १५०-६०० लेन्स, १/१०००, बीनबॅग. तरी एकही फोटो धारदार नाही. लेन्सचं कॅलिब्रेशन (फोकसची जुळवणी) करून घेऊ? (नागपूर)

फोटो किती वाजताचे ते बघा. साडेनऊनंतरचे असतील तर कॅलिब्रेशनचे पैसे वाचवा. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात आणि तुमच्या नि वाघाच्या मधली ऐंशी मीटर हवा उकळत्या पाण्यावरच्या वाफेसारखी थरथरते. शटर कितीही वाढवा, वाघ स्थिरच होता, हलत होती ती हवा. ओळखायची खूण : सलग दहा फोटोंत पट्ट्यांच्या कडा दर वेळी वेगळ्या वाकलेल्या दिसतात. कॅलिब्रेशनचा दोष असेल तर फोकस प्रत्येक फोटोत एकाच बाजूला, पुढे किंवा मागे, सरकलेला असतो.

मेमध्ये गेट उघडल्यापासूनचे पहिले अडीच तास लांबच्या फोटोंचे. त्यानंतर तीस-चाळीस मीटरच्या आतलेच काढा, किंवा लेन्स आखूड करून वाघाला त्याच्या पाणवठ्यासकट, रानासकट दाखवा. जिप्सीच्या बॉनेटवरून फोटो घेऊ नका, तापलेल्या पत्र्यावरची हवा सगळ्यात वाईट. लेन्सची पोच वाढवणारा १.४चा एक्स्टेंडर या वेळी काढून ठेवा. एक स्टॉप उजेड जातो आणि थरथर तेवढीच मोठी होते. बीनबॅग रिकामी न्या, तिथेच दोन किलो मसूर किंवा तांदूळ भरा. चालकाला इंजिन बंद करायला सांगा. फुफाट्यात लेन्स बदलणं टाळा. कोअरला (रानाच्या गाभ्याला) मंगळवारी सुट्टी असते आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद, हे नवख्यांनी लक्षात ठेवावं.

प्रश्न : फेब्रुवारीत स्पितीत किब्बरला हिमबिबट्यासाठी जातोय. कॅमेऱ्याची काय काळजी घ्यावी? (ठाणे)

आधी स्वतःची. किब्बर सुमारे ४,२०० मीटरवर आहे. ६०० मिलिमीटर लेन्स, ट्रायपॉड, बॅटऱ्या असं सात-आठ किलो पाठीवर घेऊन तिथे चढण्याआधी वाटेत दोन-तीन रात्री मुक्काम करा.

बॅटरी थंडीत मरत नाही, फक्त प्रवाह देईनाशी होते. चार न्या, तीन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. संपलेली बॅटरी ऊब मिळाल्यावर पुन्हा थोडी चालते, फेकून देण्याची घाई नको. बर्फावर मीटर सगळं राखाडी करतो, म्हणून +१ ते +१.७ भरपाई. उलट बिबट्या दगडावर, सावलीत असेल तर शून्यावर या. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघितल्याशिवाय स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, बर्फाच्या उजेडात स्क्रीन नेहमीच काळोखी वाटते.

सगळ्यात मोठा धोका संध्याकाळी, घरी परतल्यावर. उणे पंधरावरचा कॅमेरा तंदूर (खोली गरम करायची शेगडी) पेटलेल्या खोलीत नेला की त्याच्यावर आणि आतही पाणी धरतं. बाहेर असतानाच मेमरी कार्ड काढून खिशात टाका, नाहीतर रात्री फोटो बघायच्या मोहाने पिशवी उघडाल. मग कॅमेरा मोठ्या झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि खोलीच्या थंड कोपऱ्यात दोन तास राहू द्या. पाणी पिशवीच्या बाहेर धरेल. सकाळी निघताना उलटी अडचण : उबदार लेन्स थंड हवेत आणली की हूडच्या आतली हवा काही वेळ थरथरते आणि फोटो मऊ येतात. अर्धा तास आधी बाहेर ठेवा. व्ह्यूफाइंडरवर श्वास सोडू नका, बर्फ धरतो आणि नखाने खरवडावा लागतो.

बिबट्या तीनशे-चारशे मीटरवर दिसला तरी नशीब समजा. गावातले लोक दुर्बिणीने शोधून देतात, त्यांचं ऐका. भरल या रानमेंढ्यांचा कळप एकदम एकाच दिशेला टक लावून थांबला, तर तुम्हीही तिकडेच बघा.

प्रश्न : राजगडावर ड्रोन उडवायचा आहे. अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, म्हणजे परवानगी लागत नाही ना? (भोर)

लागते. २०२१च्या ड्रोन नियमांत नॅनो ड्रोनला पायलटच्या प्रमाणपत्रातून सूट आहे, जागेच्या परवानगीतून नाही. हिरव्या क्षेत्रातही उंचीची मर्यादा १२० मीटर. संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी, अभयारण्यात वन विभागाची. राजगड २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्यं’ या नावाखालच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला आहे, तेव्हा विचारपूस वाढणार हे धरून चला. थंडीत कड्यांवर गिधाडं घरटी करतात. परवानगी मिळाली तरी घरट्यांच्या कड्याजवळ ड्रोन नेऊ नका, पक्षी अंड्यांवरून उठतो.

प्रश्न : फक्त मोबाइल आहे. डोंगर फोटोत इतका बारका का दिसतो? (सातारा)

०.५चं बटण दाबल्यामुळे. ती वाइड लेन्स जवळचा दगड मोठा आणि दूरचा डोंगर छोटा करते. २ किंवा ३ वर जा, पण तुमच्या फोनमध्ये खरी टेलिफोटो लेन्स असेल तेवढंच. त्यापुढचा झूम म्हणजे कापून मोठं केलेलं चित्र. स्क्रीनवर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून ठेवा, एक्स्पोजर लॉक होईल, मग बोटानेच थोडं खाली ओढा. आणि फोटोआधी लेन्स पुसा. खिशातल्या घामाचा नि बोटांचा तेलकट थर सूर्यासमोर आडव्या रेघा पाडतो.